शिकलेले पिल्लू आणि शिकायचे घर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा इतिहास अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत आज कुत्र्याच्या पिल्लाचे पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु पशुवैद्यकाच्या व्यवसायात सारी उमर काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपल्या मंडळींनी अलीकडे वारंवार विचारलेला प्रश्न हाच आहे : "डॉक्टर, तयार शिकवलेले पिल्लू मिळते म्हणतात. घेऊ का?" प्रत्येकाला जिन्यात उभे राहून उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्वांसमक्ष ते द्यावे, असा विचार करून मी हा विषय कार्यवाहांना सुचविला आणि त्यांनी तो मोठ्या मनाने मान्य केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हा प्रश्न आजच का उद्भवावा? आपल्या वडिलांच्या पिढीत तो कोणी विचारला नव्हता. गावाकडच्या घराला ओसरी होती, अंगण होते, परसू होते. कुत्रा अंगणाचा धनी असे. उंबरठ्याच्या आत त्याने यावयाचे नाही, हे त्याला आणि घरालाही ठाऊक असे. त्याला शिकविण्यासाठी कोणी माणूस ठेवीत नसत. अंगणातला थोरला कुत्रा धाकट्याला शिकवी, गुरे त्याला शिकवीत, वाटेने जाणारे-येणारे शिकवीत. आपल्याकडून त्याला शब्द मिळत ते तीन : बोलावण्याचा 'यू यू', अंगावर घालण्याचा 'छू' आणि घालवून देण्याचा 'हाड'. एवढ्या शब्दसंपत्तीवर कित्येक पिढ्यांचा संसार चालला. नामदेवांनी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली ही कथा आपण लहानपणापासून ऐकली, पण त्या कुत्र्याला 'थांब' म्हणजे काय हे ठाऊक असते तर नामदेवांना इतके धावावे लागले नसते, असे आमच्या व्यवसायातील एखादा रूक्ष मनुष्य म्हणेल.

आता कोलकात्यातील चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अंगण नाही आणि ओसरीही नाही. नवराबायको दोघेही नोकरीला जाणारी. मूल बहुधा एकच. सातारा, अमरावती किंवा रत्नागिरी सोडून मुलाकडे राहावयास आलेल्या आजींना शेजारणीची बांगला समजत नाही आणि दुपार सरत नाही. अशा घराला सोबत हवी असते. ही गरज खरी आहे. तिची थट्टा करण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, त्याच्या दातांना खुर्चीचे पाय आणि नव्या चपला सारख्याच गोड लागतात. हे सारे करावयाला घरात माणूस नसतो. म्हणून पैदासकाराने किंवा प्रशिक्षकाने चार-सहा महिने सांभाळून, शी-शूची जागा, पट्ट्याने चालणे, बसणे, थांबणे, हाकेला येणे एवढे शिकवून दिलेले पिल्लू घ्यावे, हा विचार मनात येतो. अमेरिकेत असा व्यवहार होतो. आता आपल्याही मोठ्या शहरांतून त्याची विचारणा होऊ लागली आहे.

या व्यवहाराला माझा तत्त्वतः विरोध नाही. परंतु पैसे मोजून आपण नेमके काय घेतो, याविषयी मोठा गैरसमज आहे. आज माझे सांगणे मुख्यतः तेवढेच आहे.

प्रथम पिल्लाच्या वयाचा हिशोब पाहू. जन्मल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी त्याचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा काळ शास्त्राच्या नकाशावर कायमचा नोंदला गेला. या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, हुंगते, ऐकते, ते त्याला आपले वाटते. जे या काळात भेटले नाही, त्याची पुढे भीती वाटू शकते. माणसाचा सहवासच न मिळता चौदा आठवड्यांची झालेली पिल्ले रानटी जनावरासारखी बुजरी राहिली, असेही प्रयोगांत आढळले.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की, तयार पिल्लू घेताना हा अमोल काळ आपल्या घरी नव्हे, तर दुसऱ्याच्या अंगणात गेलेला असतो. म्हणून विकणाऱ्याला "याला काय येते?" असे विचारण्यापूर्वी "याने काय पाहिले आहे?" असे विचारावे. शहराबाहेरच्या शांत आवारात वाढलेले पिल्लू 'बस' म्हणताच बसेल. पण लिफ्टचे दार, कुकरची शिट्टी, ट्रामची घंटा, पूजेतील ढाक, कालीपूजेच्या रात्रीचे फटाके, काठी टेकीत चालणारे आजोबा आणि नऊवारी नेसलेल्या आजी त्याला भेटलेल्याच नसतील, तर ते बसणे फारसे कामास येत नाही. बसायला शिकविणे आठ दिवसांचे काम आहे. न भिता जगायला शिकविणे हे त्या आठवड्यांचे काम आहे.

आता शिक्षणाच्या स्वरूपाविषयी. आपण शिलाईयंत्र विकत घेतो तेव्हा ते कोणीही चालविले तरी टाका घालते. पिल्लाचे तसे नाही. त्याचे शिक्षण हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात साठविलेले नसते. ते त्याच्यामध्ये आणि शिकविणाऱ्यामध्ये असते : त्या आवाजात, त्या हाताच्या खुणेत, त्या वेळेवर मिळणाऱ्या खाऊत. माणूस बदलला, जागा बदलली, शब्द बदलला की पिल्लाच्या दृष्टीने प्रश्नपत्रिकाच बदलते.

एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. त्यांनी सहा महिन्यांचे शिकवलेले पिल्लू आणले. प्रशिक्षकासमोर ते बाहुलीसारखे वागले होते. घरी आल्यावर महिनाभरात ते कोणाचेच ऐकेना. विकणाऱ्याने फसविले अशी त्यांची खात्री झाली आणि ते माझ्याकडे आले. मी त्यांच्या घरी जाऊन तासभर नुसता बसून राहिलो. प्रशिक्षकाने त्याला 'सिट' शिकविले होते. साहेब म्हणत 'सिट डाऊन', वहिनी म्हणत 'बस बघू आता', मुलगी हिंदीत 'बैठो' म्हणे, आजी 'बस रे बाळा, किती नाचतोस' असे लाडाने म्हणत, आणि कामाला येणारी मावशी 'बोश' म्हणे. त्यातच मावशी त्याला जवळ बोलावताना बांगलात 'आय, आय' म्हणे आणि आजींना वाटे की ही कुत्र्याला आईची आठवण करून देते! ते बिचारे प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहून शेवटी आपल्या मनाला येईल ते करी. पिल्लात दोष नव्हता, विकणाऱ्याचीही लबाडी नव्हती. घराने एक शब्द ठरविला नव्हता, इतकेच. पाच शब्द एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दाराला लावला, सर्वांनी तेच शब्द वापरले, आणि तीन आठवड्यांत ते पिल्लू पुन्हा शहाणे झाले.

तेव्हा शिकवलेल्या पिल्लासोबत घरानेही शिकावे लागते. हे मी पदरचे सांगत नाही. अंध माणसांना वाट दाखविणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थांनी हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील मॉरिस फ्रँक हा अंध तरुण १९२८ साली स्वित्झर्लंडला डोरोथी युस्टिस या बाईंकडे गेला. त्याला 'बडी' नावाची तयार केलेली कुत्री मिळाली. पण ती हाती देऊन त्याची बोळवण करण्यात आली नाही. तेथे राहून त्याला तिच्यासोबत चालण्याचे शिक्षण घ्यावे लागले. परत आल्यावर १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था निघाली, ती आजही चालू आहे, आणि आजही तेथे माणूस आणि कुत्रा दोघांना एकत्रच शिकवितात. जेथे कुत्र्याच्या शहाणपणावर माणसाचा जीव अवलंबून असतो, तेथेसुद्धा नुसता कुत्रा देत नाहीत. मग आपण नुसते पिल्लू घेऊन समाधान का मानावे?

दुसरी एक गोष्ट अगोदर ठाऊक असलेली बरी. पाच-सहा महिन्यांचे गुणी पिल्लू आठव्या महिन्याच्या सुमारास एकाएकी ऐकेनासे होते. हे त्याचे पौगंड वय. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, या वयात कुत्री आपल्या सांभाळ करणाऱ्याचा 'बस' हा हुकूम पूर्वीपेक्षा कमी पाळतात, परक्याचा मात्र पाळतात! ज्यांच्या घरात चौदा वर्षांचे चिरंजीव आहेत, त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. हा काळ पुढे ओसरतो. पण नेमक्या याच वेळी "पैसे पाण्यात गेले" असे म्हणून पिल्लाला मारझोड सुरू होते किंवा ते कोणाला तरी देऊन टाकले जाते. तयार पिल्लू घेणाऱ्याने हे दोन-चार महिने आपल्या हिशोबात आधीच धरावेत.

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. वक्त्याने उपदेश आवरता घ्यावा हे मला समजते, परंतु आपण कागद-पेन्सिल काढलेली दिसते म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, कायद्याची. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी केंद्र सरकारचे २०१७ सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणे पैदासकाराची राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा क्रमांक मागावा. मागताना संकोच बाळगू नये. जो तो दाखवीत नाही, त्याचे दुकान कितीही झगमगीत असो, तेथून माघारी फिरावे.

दुसरी, आईची. पिल्लाची आई पाहावयास मागावी. ती कोठे राहते, माणूस जवळ आला की शेपूट हालविते की कोपऱ्यात दडते, हे पाहावे. वंशावळीचा कागद पिल्लाचे कूळ सांगतो. त्याचे शील आणि शिक्षण सांगत नाही.

तिसरी, पद्धतीची. प्रशिक्षकाला शिकविताना पाहावे. त्याने हात उचलताच पिल्लू कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन बसत असेल, तर ते शिकलेले नसून भ्यालेले आहे. पोर्तुगालमध्ये पाळीव कुत्र्यांच्या प्रशिक्षणशाळांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्री खाऊ आणि शाबासकीवर शिकलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक ताणाखाली असलेली आढळली. 'छडी लागे छमछम' हे आपल्या शाळांतून गेले, ते कुत्र्यांच्या शाळेतूनही जावयास हवे.

चौथी, परीक्षेची. विकणाऱ्याच्या हाती पिल्लाने केलेली करामत पाहून भुलू नये. पट्टा आपल्या हाती घ्यावा, आवाराबाहेर रस्त्यावर यावे, आणि घरातील प्रत्येकाने, मुलाने आणि आजींनीसुद्धा, ते शब्द उच्चारून पाहावेत. जे तेथे जमेल, तेवढेच खरे शिक्षण.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : करारात घराचे शिक्षण असावे. पिल्लू आणल्यावर प्रशिक्षकाने घरी किती वेळा यावयाचे, कोणाकोणाला शिकवावयाचे, कोणते शब्द वापरले आहेत त्यांची यादी, न जमल्यास काय करावयाचे, हे लेखी घ्यावे. जो यास तयार नाही, तो शिक्षण विकत नसून वाढलेल्या वयाचे पिल्लू चढ्या भावाने विकत आहे, असे समजावे.

सहावी, आरोग्याची. लसीकरणाचे पुस्तक तारखांसह घ्यावे. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर प्रकट झाला आणि अजूनही तो लहान पिल्लांचा काळ आहे. त्याची लस सहाव्या-आठव्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने अनेक वेळा द्यावी लागते. पिसाळ रोगाची लस साधारण तीन महिन्यांनी. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाच्या पुस्तकात या नोंदी नसतील, तर त्याच्या शिक्षणाच्या गप्पा व्यर्थ होत.

जातीच्या निवडीबद्दल एकच वाक्य : दाट केसांचे, बर्फातल्या मुलखाचे कुत्रे घेऊन त्याला बंगालच्या दमट उन्हाळ्यात घामट गच्चीवर बांधणे हा शौक नव्हे, छळ आहे. आपल्या मुधोळच्या नावाचा आपल्याला अभिमान असला, तरी तो शिकारी, धावणारा कुत्रा आहे. त्याला मैदान लागते. आणि ज्यांना जातीचा आग्रह नाही, त्यांनी आपल्याच गल्लीतील देशी पिल्लू आणावे आणि शिकवलेल्या पिल्लासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून प्रशिक्षकाला घरी बोलवावे. शिकलेले पिल्लू घेण्यापेक्षा पिल्लासह स्वतः शिकणे, हे मला अनेकदा अधिक फलदायी झालेले दिसले आहे. फक्त त्यासाठी घरात वेळ देणारे एक माणूस हवे. ते नसेल, तर तयार पिल्लालाही ते लागणारच आहे, हे विसरू नये.

आता आपल्यासारख्या घर सोडून दूर आलेल्या लोकांचा खास प्रश्न. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, त्याहून अधिकही. आपल्यापैकी कित्येकांच्या बदल्या तीन-तीन वर्षांनी होतात. मे महिन्यात गावी जावयाचे असते, कुळधर्म असतो, लग्नकार्य असते. रेल्वेने कुत्रा सोबत न्यावयाचा तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष आपल्या नावे असावा लागतो. एरवी त्याला सामानाच्या डब्यातील पेटीत एकट्याने प्रवास करावा लागतो, आणि हावड्याहून मुंबई चोवीस तासांहून अधिक दूर आहे. बदलीचा हुकूम हाती पडल्यावर "डॉक्टर, कोणी चांगले घर आहे का?" असे विचारणारे लोक माझ्याकडे येत राहिले. चार वर्षांच्या कुत्र्याला चांगले घर मिळणे किती कठीण असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसे. कुत्रा मात्र आपण फिरावयास निघालो आहोत अशा समजुतीने शेपूट हालवीत उभा असे. त्याला शिकविलेल्या शब्दांत 'आता आम्ही जातो' असा शब्द नसतो. म्हणून घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : बदली झाली तर हा कोणाबरोबर? उत्तर 'आमच्याबरोबर' असे नसेल, तर कृपा करून घेऊ नये. आजींची सोबत दुसऱ्या मार्गानेही होऊ शकते; मंडळाच्या मंगळवारच्या भजनाची आठवण मी करून देतो.

ज्यांनी घेतले आहे, त्यांना धीर देणारीही एक गोष्ट. गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. मात्र शेजाऱ्याच्या दारातील घाण उचलणे आणि लिफ्टमध्ये कुत्र्याला पट्टा आखूड धरणे, हे सांगावयास कोणत्याही मंडळाची गरज पडू नये.

शेवटी भाषेविषयी थोडे बोलून थांबतो, कारण मराठी मंडळात भाषेचा विषय न काढता खाली बसणे बरे दिसत नाही. लॉरा कुआया या संशोधक बाई मेक्सिको सोडून हंगेरीत राहावयास गेल्या आणि आपला 'कुन-कुन' नावाचा कुत्रा सोबत घेऊन गेल्या. मेक्सिकोत त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलत. बुडापेस्टच्या रस्त्यांवर सारी माणसे हंगेरियन बोलणारी. याला भाषा बदलल्याचे कळत असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा कुत्र्यांच्या मेंदूंची चित्रे यंत्राने घेतली, त्यांना दोन्ही भाषा ऐकविल्या. निष्कर्ष २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला : कानावर नेहमी पडणारी भाषा आणि परकी भाषा यांत कुत्र्याचा मेंदू भेद करतो.

म्हणजे बंधुभगिनींनो, मराठी घरात वाढणाऱ्या कुत्र्याला मराठी ओळखीची होते. मात्र ती त्याच्या कानावर रोज पडली पाहिजे. प्रशिक्षकाने त्याला इंग्रजीत शिकविले असेल तर ते शब्द तसेच ठेवावेत, किंवा जुन्या शब्दाआधी आपला 'बस', 'थांब', 'ये' लावीत सर्वांनी मिळून एकदमच बदलावेत. कुत्र्याला कोणत्याही भाषेचे वावडे नाही, धरसोडीचे आहे. आणि हे केवळ कुत्र्यापुरते नाही. गेली पन्नास वर्षे या मंडळाने बालवर्ग चालविले, ग्रंथालय चालविले. वर्गात मुलाला अक्षरे येतात. पण ज्या घरात संध्याकाळी मराठी बोलली जात नाही, तेथे ती टिकत नाहीत, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. शिक्षक विद्या देतो. ती नांदते की नाही, हे घर ठरविते. पिल्लाच्या बाबतीत ते फक्त लवकर उघडकीस येते, महिन्याभरातच.

तेव्हा "घेऊ का?" या प्रश्नाला माझे उत्तर असे : घरातील सर्वजण पाच शब्द शिकावयास आणि बारा वर्षे पाळावयास तयार असतील, तर अवश्य घ्यावे. ती तयारी असेल, तर पिल्लू शिकलेले असो वा अडाणी, फारसा फरक पडणार नाही.